शिळं पाणी

मे महिना, सकाळचे सहा. कन्हानकाठच्या एका गावात ओट्यावर मी पोटेन्शिओस्टॅट, म्हणजे पाण्यातलं शिसं विजेने मोजायचं यंत्र, मांडून बसले होते. पाणी राखेने नासतंय, असा गावाला संशय. औष्णिक वीजकेंद्राच्या पट्ट्यातल्या गावाला तो नसता तरच नवल. कोळशाच्या राखेत शिसं, आर्सेनिक, पारा असतोच.

विहीर आणि हातपंप, दोन्हीकडे आलेखात शिशाचं शिखर (जितकं शिसं, तितका उंच उठाव) जेमतेम उठलं. तिसरी बाटली एका घरच्या नळाची. त्या घरच्या पोराच्या आईने उठल्याउठल्या माझ्यासाठी भरून ठेवलेली. बिस्मथ या धातूचा थर चढवलेली पट्टी, थोडं अ‍ॅसिटेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), उणे १.२ व्होल्टवर दोन मिनिटं. तेवढ्यात पाण्यातलं शिसं पट्टीवर साचतं. मग व्होल्टेज चढवत नेलं की ते सुटतं आणि जितकं साचलं तितका प्रवाह देतं. उणे ०.५ च्या आसपास मोबाइलवरची रेष अशी उसळली की मी श्वास रोखला. त्याच पाण्यात मोजून शिसं घातलं, पुन्हा घेतलं. शिखर जागा न सोडता उंचावलं, म्हणजे ते शिशाचंच. हिशेब आला लिटरला ३८ मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्याची आपल्याकडची मर्यादा १०.

"मॅडम, उकळून देलं तं चालन का पोराले?"

नाही चालत. उकळून शिसं जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं. पोरगा सहा वर्षांचा. लहान मुलांच्या मेंदूवरच शिशाचा घाला असतो. हे तिला सांगताना जीभ जड झाली.

शेजारची आजी ऐकत उभी होती. म्हणाली, "रातभर नळात राह्यलेलं पाणी शिळं असते माय. मी पह्यली बादली झाडाईले टाकतो, मंगच भरतो."

त्याच नळाची एक बादली जाऊ दिली आणि पुन्हा मोजलं. ४. तोटी पितळी होती. पितळ कातायला सोपं जावं म्हणून त्यात शिसं घालतात. रात्रभर उभ्या पाण्यात ते उतरतं.

आम्ही नमुना घेताना नळ दोन-तीन मिनिटं वाहू देतो, मगच बाटली भरतो. त्या दिवशीही तसंच केलं असतं, तर हे शिसं माझ्या वहीत कधी आलंच नसतं, पोराच्या पेल्यात मात्र रोज गेलं असतं. आता मी दोन बाटल्या घेते. पहाटेची आधी.

राख यातून सुटली असं मी म्हणणार नाही. ती विहीर पावसाळ्यात पुन्हा तपासायची आहे.

त्या घरी स्टीलची तोटी बसवली. आठवड्याने त्या माउलीने पहाटेची बाटली पुन्हा भरून ठेवली होती, झाकणावर पोराच्या अक्षरात तारीख. आकडा आला ३.