अठ्ठावीस दिवसांच्या कॅप्सूल

मेडिसिनच्या रेसिडेन्सीचं दुसरं वर्ष, पुणे. वाकडच्या साइटवर सेंटरिंगचं काम करणारा २४ वर्षांचा मुलगा वॉर्डात आला. दोन महिने ताप. आधीच्या दवाखान्यात टायफॉइडचे दोन कोर्स झाले, मग थुंकीत काही नसताना टीबीची औषधं सुरू केली. हिमोग्लोबिन ७, पांढऱ्या पेशी १८००, प्लेटलेट ७० हजार, तिन्ही कमी. पोट तपासलं तर प्लीहा पार बेंबीपर्यंत आलेली. तिच्या कडेवर मी बॉलपेनने रेघ ओढली.

गाव विचारलं. मुझफ्फरपूर, बिहार. तिकडचा जुना आजार म्हणजे कालाजार, वाळूमाशी चावून होणारा परजीवीचा ताप. "पहले कभी कालाजार हुआ था?"

"हाँ मैडम, बचपन में. अट्ठाईस दिन कैप्सूल खाए थे."

कॅप्सूल म्हणजे मिल्टेफोसिन. तेव्हा बिहारमध्ये तेच देत. दोन महिन्यांत एवढा एक प्रश्न त्याला कोणीच विचारला नव्हता, याचा मला आजही राग येतो.

आरके ३९ ची पट्टी, म्हणजे कालाजारची झटपट चाचणी, मिळवली. बोटातल्या रक्ताचा थेंब, दहा मिनिटांत दोन लाल रेघा, म्हणजे पॉझिटिव्ह. मी खूश. सरांनी तिथेच थांबवलं: ही पट्टी प्रतिपिंडं दाखवते, परजीवी नाही, आणि प्रतिपिंडं बरं झाल्यावरही कित्येक वर्षं राहतात. त्या दिवशी मला हा आजार खरा कळला. शरीर प्रतिपिंडं भरमसाट तयार करतं, या मुलाच्या रक्तातलं ग्लोब्युलिन, ज्यात प्रतिपिंडं येतात, तेही अल्ब्युमिनच्या वर गेलं होतं. पण ज्या मॅक्रोफेज पेशींनी जंतू गिळून मारायचे, त्यांच्याच पोटात लिश्मानिया, म्हणजे या आजाराचा परजीवी, वाढतो. तिथे प्रतिपिंडांचं काही चालत नाही. टी पेशींनी इंटरफेरॉन गॅमा सोडून मॅक्रोफेजला जागं केलं तरच तो मरतो. आजार उलटला, म्हणजे टी पेशीच कमी पडत असतील का, म्हणून आम्ही एचआयव्हीही तपासला. निगेटिव्ह.

आता परजीवी डोळ्यांनी बघणं भाग होतं. प्लीहेत सुई घातली तर तो सापडण्याची शक्यता जास्त, पण आत रक्तस्राव झाला तर? बोन मॅरो काढायचं ठरलं. सुई हाडात शिरताना त्याने माझ्या एप्रनची कड घट्ट धरली होती, तोंडातून आवाज नाही.

पहिल्या स्लाइडवर काहीच नाही. दुसरी घेऊन पॅथॉलॉजीच्या मॅडमशेजारी संध्याकाळभर बसले. साडेसातच्या सुमाराला त्यांनी नुसतं "बघ" म्हटलं. एका मॅक्रोफेजमध्ये दाटीवाटीने अंडाकृती ठिपके, प्रत्येकात एक गोल केंद्रक आणि शेजारी बारीक काडी, कायनेटोप्लास्ट. १९०३ साली लिश्मन आणि मद्रासच्या डोनोव्हन यांनी वर्णन केलेले तेच एलडी बॉडीज.

लायपोसोमल अँफोटेरिसिन बी जिल्हा हिवताप कार्यालयामार्फत आलं. पहिल्यांदा आजार झालेल्याला किलोमागे १० मिलिग्रॅमचा एकच डोस पुरतो. हा उलटलेला, म्हणून पाच दिवस रोज थोडं थोडं दिलं. व्हायल जोरात हलवून, गाळून, डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायची. सलाईनमध्ये गेलं की औषध साखळतं. रात्रपाळीच्या सिस्टरांना मी हे तीनदा सांगितलं, बाटलीवरही लिहिलं.

चौथ्या दिवशी ताप उतरला. डिस्चार्ज देताना कागदावर हिंदीत लिहून दिलं: अंगावर फिकट चट्टे दिसले, ते दुखत नसले तरी, लगेच दाखवायचे. बरं झाल्यावरही त्वचेत परजीवी राहू शकतो, आणि तिथून वाळूमाशी तो पुढे नेते.

सहा महिन्यांनी तो आला, अकरा किलो वजन वाढवून. पोट दाबून दाबून बघितलं, प्लीहा हाताला लागली नाही. पाठ, छाती, चेहरा उजेडात नेऊन तपासला. चट्टा नव्हता. तो कागद घडी घालून पाकिटात ठेवलेला होता.