आधी कागदावर मांड, मग सूत्र काढ

प्रॉबॅबिलिटीचं गणित समोर आलं की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ह्यात एनसीआर (नुसती निवड मोजायचं सूत्र) लावायचं की एनपीआर (क्रमही धरून मोजायचं)? माझी भाची सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला आहे, कॉमर्स पण स्टॅटिस्टिक्सवालं, सेबा म्हणतात इकडं, आणि तिचंही तेच, "मामा, बाकी काय सांगत बसू नको, कुठलं सूत्र तेवढं सांग की." मी संध्याकाळी बेळगावात, अनगोळात घरीच ट्यूशन घेतो, दहावीची पोरं असतात, पीयूसीची असतात, मधेच बँकेच्या परीक्षेची तयारी करणारा एखादा येऊन बसतो, आणि सगळ्यांचं घोडं तिथंच अडतं. माझं म्हणणं एवढंच की हा प्रश्न वाईट नाही पण फार लवकर विचारला जातो. आधी काय काय होऊ शकतं ते कागदावर लिहा, सगळं, कंटाळा न करता, आणि मग बघा सूत्राची गरज तरी उरते का.

आता कोण म्हणेल लिहून काढणं हे लहान पोरांचं काम. तर हे ऐका. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत तीन फासे टाकून जुगार खेळणाऱ्या लोकांना एक गोष्ट खटकत होती. तिन्ही फाशांची बेरीज ९ येण्याचे प्रकार सहा आणि १० येण्याचेही सहाच, तरी खेळताना १० जरा जास्त वेळा पडतंय असं त्यांच्या लक्षात आलेलं. (किती खेळत असतील बघा, एवढा बारीक फरक लक्षात यायला!) हे कोडं गेलं गॅलिलिओकडं, आणि त्यानं काय केलं, तर मांडून काढलं. ९ साठी १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४ आणि ३-३-३. दहासाठी १-३-६, १-४-५, २-२-६, २-३-५, २-४-४ आणि ३-३-४. सहा आणि सहा, बरोबर. पण तिन्ही फासे वेगवेगळ्या रंगाचे आहेत असं धरा, मग १-२-६ हे सहा तऱ्हांनी पडू शकतं, १-४-४ तीनच तऱ्हांनी, आणि ३-३-३ फक्त एकाच तऱ्हेनं. आता मोजा. नवाचे झाले २५, दहाचे २७, एकूण २१६ पैकी. संपलं कोडं.

हे गणित मी सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात देतो. कारण ह्यात एक खोच आहे जी पुढं वर्षभर छळते, ती म्हणजे आपण लिहिलेल्या शक्यता सारख्या वजनाच्या आहेत की नाहीत. पोरं सहा प्रकार लिहितात आणि एक षष्ठांश म्हणून मोकळी होतात. दोन नाणी उडवली तरी तेच, दोन छापा, दोन काटा, एक-एक, म्हणजे तीन प्रकार, म्हणजे एक-एक यायची शक्यता १/३. नाही बाबा. एक रुपयाचं नाणं आणि एक पाच रुपयाचं नाणं घे हातात आणि परत लिही, चार होतील, आणि एक-एकचे त्यात दोन. नाणी वेगळी दिसली की पोरांना पटतं, सारखी असली की पटत नाही, गंमतच आहे.

दुसरी जागा म्हणजे "किमान एक". फासा चार वेळा टाकला तर किमान एकदा सहा यायची शक्यता किती? आमच्या भाचीनं १/६ चार वेळा मिळवून ४/६ लिहिलं. मी काहीच बोललो नाही, फक्त म्हटलं सहा वेळा टाकला तर? ती म्हणाली ६/६. म्हणजे सहा वेळा टाकला की सहा येणारच? लुडोत घरातून सोंगटी बाहेर काढायला ताटकळत बसलेल्या कुणालाही विचारा, दहा-दहा वेळा टाकून सहा येत नाही. तीच हसायला लागली आणि खोडलं. इथं उलटं जायचं, एकदाही सहा न येण्याची शक्यता काढायची, ५/६ चार वेळा गुणून ६२५/१२९६, ती एकातून वजा केली की ६७१/१२९६, म्हणजे साधारण ०.५१८. निम्म्याहून थोडं जास्त. आता ह्याचाच भाऊ बघा, दोन फासे एकदम २४ वेळा टाकायचे आणि किमान एकदा दोन्हीवर सहा यायला हवं. वरवर वाटतं की सहाला चार तर छत्तीसला चोवीस, प्रमाण तेच, मग उत्तरही तेच असणार. पण येतं ०.४९१. पहिल्या खेळावर पैसे लावणारा लांबच्या पल्ल्यात कमावणार आणि दुसऱ्यावर लावणारा घालवणार. फ्रान्समध्ये शेव्हालिए द मेरे म्हणून एक शौकीन गृहस्थ होता, त्याचे असले प्रश्न पास्कल ह्या गणितज्ञाकडं गेले आणि १६५४ साली पास्कल आणि दुसरा गणितज्ञ फर्मा यांची जी पत्रापत्री झाली तिथून हा विषय रीतसर सुरू झाला असं धरतात. परीक्षेला हे विचारत नाहीत, पण मी सांगतोच, कारण पोरांना वाटतं की हे सगळं त्यांना छळायलाच कुणीतरी बसून तयार केलंय.

आता बेज, म्हणजे निकाल हातात आल्यावर तो कुठनं आला असेल त्याची शक्यता काढायची. बेजच्या प्रमेयाला पोरं जेवढी घाबरतात तेवढी दुसऱ्या कशालाच नाही, आणि खरं सांगू का, ते सूत्र दिसायलाच तसं आहे, वर एक, खाली बेरीज, उभ्या रेघा, कशात काय मेळ नाही. मी ते सूत्र शेवटच्या दिवशी दाखवतो. आधी एक हजार वस्तू घ्यायच्या. पुस्तकात मशीन अ, मशीन ब आणि बोल्ट असतात, आमच्याकडं उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, निम्म्या पोरांचे वडील नाहीतर काका फाउंड्रीत नाहीतर मशीनशॉपमध्ये, त्यामुळं बोल्ट, कास्टिंग (साच्यात ओतलेला भाग) हे शब्द घरातलेच. तर समजा ६० टक्के कास्टिंग पहिल्या लाइनवरनं येतात, त्यातले २ टक्के रिजेक्ट होतात, आणि ४० टक्के दुसऱ्या लाइनवरनं, तिथं रिजेक्शन ५ टक्के. एक रिजेक्ट माल हातात आला, तो दुसऱ्या लाइनचा असायची शक्यता किती? हजार कास्टिंग मांडा. पहिलीचे ६००, त्यात खराब १२. दुसरीचे ४००, त्यात खराब २०. एकूण खराब ३२, त्यातले दुसऱ्या लाइनचे २०, म्हणजे २०/३२, म्हणजे ५/८. झालं की! हेच बेजचं प्रमेय, वेगळं काही नाही. शिफ्ट सुपरवायझर हे मनातल्या मनात रोज करतो आणि त्याला कुणी बेज सांगितलेला नसतो. हा बेज इंग्लंडातला पाद्री, त्याचा निबंध तो गेल्यावर १७६३ साली त्याच्या मित्रानं छापून आणला, त्यामुळं बिचाऱ्यानं स्वतः काही बघितलं नाही.

स्टॅटिस्टिक्सच्या भागात पोरांना मार्क मिळतात पण समजतं कमी, असं माझं मत आहे. मीन म्हणजे सरासरी काढा, मीडियन म्हणजे ओळीनं लावल्यावर मधला आकडा काढा, तक्ता भरा, कॅल्क्युलेटर दाबा, पाच मार्क. पण मीन म्हणजे काय सांगतोय हे विचारलं की गप्प. मी बेळगाव जिल्ह्याच्या पावसाचं उदाहरण देतो. पश्चिमेला कणकुंबी, मलप्रभा उगम पावते तिथं, खानापूर तालुक्याचं ते टोक म्हणजे जून ते सप्टेंबर छत्री मिटायचीच नाही. आणि पूर्वेला अथणी, तिथला शेतकरी आभाळाकडं बघून बसलेला. दोन्ही एकाच जिल्ह्यात. आता जिल्ह्याचा सरासरी पाऊस म्हणून जो एक आकडा निघेल तो कणकुंबीवाल्याच्याही कामाचा नाही आणि अथणीवाल्याच्याही नाही. दोन-तीन गावांचा धो-धो पाऊस सगळी सरासरी वर ओढून नेतो, मीडियन मात्र मधल्या गावापाशी जागेवर बसून राहतो. म्हणून गणित सोडवायच्या आधी आकडे एका रेषेवर टिंबं देऊन मांडायचे, फार वेळ लागत नाही, आणि उत्तर आल्यावर त्या रेषेवर ठेवून बघायचं की बाबा हे इथं शोभतंय का.

स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे आकडे मीनपासून किती पसरलेत त्याचं माप, त्यासाठी पाच आकडे पुरेत. ४, ६, ८, १०, १२. मीन ८. फरक उणे ४, उणे २, शून्य, २, ४. वर्ग केले की १६, ४, ०, ४, १६, बेरीज ४०, पाचानं भागून ८, वर्गमूळ २.८३. आता खरी प्रॅक्टिस इथनं सुरू होते. प्रत्येक आकड्यात १०० मिळव, डेव्हिएशन किती? पोरं परत सगळं काढायला बसतात, बसू द्यायचं, एकदा काढलं की परत कधी काढत नाहीत, कारण उत्तर तेच येतं. प्रत्येक आकडा दुप्पट कर, मग? डेव्हिएशनही दुप्पट. १२ च्या जागी ६२ घाल, मग? मीन उडी मारून १८ वर जातो, मीडियन ८ वरच. आणि पाचानं भागायचं की चारानं हा जो वाद असतो, तर समोरचे पाच आकडे म्हणजेच सगळं असेल तर पाचानं, आणि मोठ्या ढिगातनं पाच उचलून ढिगाचा अंदाज बांधायचा असेल तर चारानं, तेव्हा ३.१६ येईल. प्रश्नात कुठलं विचारलंय ते वाचायचं.

वीस गणितं एकामागून एक सोडवण्यापेक्षा एकच गणित घेऊन त्यातला एकेक शब्द बदलत जाणं मला जास्त पटतं. "किमान"च्या जागी "नेमका" घाल. "परत ठेवून"च्या जागी "न ठेवता". गाईडं असली मोठमोठी मिळतात, पाचशे गणितं, हजार गणितं, पोरं ती पुरी करतात आणि पेपरात एक शब्द फिरवला की हात वर.

मधेच थोडं विषयांतर. ह्या विषयातली दोन मोठी माणसं आमच्या दोन बाजूंना जन्मली हे इथल्या पोरांना कुणी सांगत नाही. वसंत शंकर हुजूरबाजार कोल्हापूरचे, १९१९ चा जन्म, पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग १९५३ साली त्यांनी उभा केला. आणि सी. आर. राव, १९२० चा जन्म, हूविन हडगलीचा, म्हणजे तेव्हाच्या बळ्ळारी जिल्ह्यातला, क्रेमर-राव असमानता (अंदाज किती नेमका असू शकतो त्याची मर्यादा) शिकताना जो राव येतो तो हाच, वयाची १०२ वर्षं पुरी करून २०२३ मध्ये गेले. एक वरच्या अंगाला, एक खालच्या अंगाला, आणि आम्ही मधे बसून विचारतोय एनसीआर की एनपीआर.

असो. शब्द बदलण्याचा हा खेळ भाचीबरोबर सध्या चालू आहे आणि परवा एका गणितावर चांगलीच जुंपली. दहा कास्टिंग, त्यातले तीन खराब. दोन काढायचे, एकामागून एक, पहिला परत न ठेवता. दोन्ही खराब असण्याची शक्यता? ३/१० गुणिले २/९, म्हणजे १/१५, हे तिनं पटकन सांगितलं. परत ठेवला तर? ९/१००. हेही बरोबर. पहिला खराब निघाला, आता दुसरा खराब असण्याची शक्यता? २/९. मग मी विचारलं, दुसरा खराब निघालाय एवढंच माहीत आहे, पहिला आपण बघितलाच नाही, झाकून बाजूला ठेवलाय, तो खराब असण्याची शक्यता किती? ती म्हणाली ३/१०, पहिला काढताना दुसऱ्याचा पत्ताच नव्हता की, नंतर झालेल्या गोष्टीनं आधीची कशी बदलेल? वहिनी चहा घेऊन आली तीही तिच्याच बाजूनं बोलायला लागली. मी म्हटलं भांडू नका, मांडा. कास्टिंगना नंबर दिले, १, २, ३ खराब, बाकी चांगले, आणि जोड्या लिहायला बसलो, पहिला-दुसरा धरून ९० होतात. दुसरा खराब असलेल्या जोड्या २७. त्यातल्या पहिलाही खराब असलेल्या ६. सहा भागिले सत्तावीस, २/९. ती बराच वेळ कागदाकडं बघत बसली, मग म्हणाली, "मामा, उत्तर बरोबर आहे पण मला अजून पटलं नाही," आणि पेन-बिन ठेवून उठली. रात्री उशिरा तिचा मेसेज आला, त्यात बाकी काही नव्हतं, ९० च्या ९० जोड्या एका पानावर लिहिलेला फोटो होता.