जिप्सीची थरथर आणि अडखळ: दोन महिन्यांचा शोध

साताऱ्याजवळ यवतेश्वरचा घाट चढताना वळणावर दुसरा गियर टाकून ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच व्हायचं नाही. मग इंजिन एकदम उचल घ्यायचं, गाडी झटका खायची आणि त्याच वेळी सीटखालून ‘टक्’ असा आवाज यायचा. हायवेचं दुखणं वेगळं होतं. वाढे फाट्यावरून लिंबकडे निघालो आणि काटा ६५ च्या पुढे गेला की फ्लोअर आणि गियरचे दोन्ही दांडे थरथरायला लागायचे. ऐंशीला तर आरशात मागची गाडीही धड दिसायची नाही.

गाडी १९९८ ची मारुतीची जिप्सी किंग. १३०० सीसी, कार्ब्युरेटरवाली. बाबांनी घेतली होती. आमचं मूळ घर बामणोलीकडे, आणि पावसाळ्यात त्या घरापर्यंत हीच गाडी जाते. विकून टाका असं सांगणारे बरेच भेटले, पण ते माझ्या मनात एकदाही आलं नाही.

पहिल्या महिन्यात मी सगळं अंदाजाने केलं. प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, पेट्रोल फिल्टर नवा टाकला, दोन वेळा व्हील बॅलन्सिंग करून घेतलं. साडेपाच हजार गेले आणि गाडी होती तशीच. एका गॅरेजमध्ये तर इंजिन खोलावं लागेल म्हणाले. ते ऐकून मी गाडी घेऊन परत आलो आणि बाबा ज्यांच्याकडे जायचे त्या मिस्त्रींकडे गेलो. आता ते फारसं काम घेत नाहीत. त्यांनी एक चक्कर मारली, उतरले आणि म्हणाले, “ही दोन दुखणी हायती. तुम्ही एकच समजून औषध देताय. आधी थरथर बघू, इंजिनाला आत्ता हात लावायचा न्हाई.”

त्यांनी मला वही करायला सांगितलं. थरथर कितीला सुरू होते, कुठल्या गियरमध्ये, चढावर की उतारावर, इंजिन गार असताना की तापल्यावर. चार दिवसांत चित्र स्पष्ट झालं. सत्तरला चौथा गियर असो वा पाचवा, थरथर तेवढीच. सत्तरला क्लच दाबून गियर न्यूट्रल केला, इंजिन आयडलला आलं, तरी थरथर तशीच. म्हणजे तिचा संबंध इंजिनाच्या फेऱ्यांशी नव्हताच, गाडीच्या वेगाशी होता.

मग चाकं की त्यांच्याकडे इंजिनाची ताकद नेणारा शाफ्ट? इथे थोडं गणित कामी आलं. २०५/७० आर १५ टायरचा घेर साधारण २.१ मीटर. सत्तरच्या वेगाला चाक सेकंदाला नऊ-सव्वानऊ फेऱ्या मारतं. प्रोपेलर शाफ्ट मात्र चाकाच्या एका फेरीत जवळजवळ चार फेऱ्या मारतो, म्हणजे सेकंदाला पस्तीसच्या आसपास. पुढच्या चाकाचा दोष असेल तर स्टिअरिंग हळू डुलतं. माझ्या गाडीत स्टिअरिंग शांत होतं आणि फ्लोअरमधून बारीक, घुमणारी थरथर येत होती. बॅलन्सिंगचे पैसे वाचवायचे असतील तर आधी एवढं ओळखायला शिकावं.

जिप्सीची रचना या तपासाला फार सोयीची आहे. हिचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गियरचा डबा) गियरबॉक्सपासून वेगळा, चेसीवर रबरांवर बसवलेला असतो आणि मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. पुढे एक, मागे एक, असे एकूण तीन शाफ्ट. सपाट जागेवर चारही चाकांना दगड लावले, ट्रान्सफरचा दांडा न्यूट्रलला ठेवला आणि मुख्य गियर चौथा टाकून इंजिन रेस केलं. अशा वेळी फक्त मधला शाफ्ट फिरतो, गाडी हलत नाही. (दगड लावल्याशिवाय हे करू नये, कारण ट्रान्सफर न्यूट्रलला असताना गियरमध्ये ठेवलेली गाडीही घरंगळते.) काहीच थरथर नाही. क्लच, गियरबॉक्स आणि मधला शाफ्ट संशयातून सुटले.

माझ्या गाडीला फ्री-व्हील हब (पुढची चाकं शाफ्टपासून सोडवणारे हब) नाहीत, त्यामुळे टू-व्हीलमध्ये चालवतानाही पुढचा शाफ्ट चाकांबरोबर फिरत असतो. तो काढला. फ्लँजवर (जोडाच्या चकतीवर) आधी खूण केली, मग बोल्ट सोडले. लिंब फाट्यापर्यंत चक्कर: थरथर होतीच. पुढचा परत बसवला, मागचा काढला आणि फोर-व्हीलचा दांडा टाकून फक्त पुढच्या चाकांच्या ओढीवर गाडी सावकाश सत्तरला नेली. फ्लोअर एकदम गप्प. मला तिथेच गाडी थांबवून मिस्त्रींना फोन केल्याशिवाय राहवलं नाही.

मागचा शाफ्ट बाकड्यावर ठेवल्यावर दोन गोष्टी दिसल्या. डिफरन्शियलकडचा (मागच्या धुरीतल्या गियरच्या डब्याकडचा) क्रॉस, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणारा सांधा, एका दिशेला अडकत होता. खोलला तर एका कपातल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या आणि गंजलेल्या. दुसरी गोष्ट मला कधीच दिसली नसती. शाफ्टच्या दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत नव्हते, स्लिप जॉइंट (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा दातेरी जोड) एक दात सरकवून बसवला होता. क्रॉस कोनात फिरला की पुढचा भाग एकसारख्या वेगाने फिरत नाही. प्रत्येक फेरीत दोनदा तो थोडा पुढे धावतो आणि दोनदा मागे पडतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा फरक मोडून काढतो, पण दोन्ही योक एका रेषेत असतील तरच. दोन वर्षांपूर्वी क्लचप्लेटच्या कामाला शाफ्ट उतरवले होते, तेव्हा खूण न करता जोडले गेले असणार. मग दोन वर्षं त्रास का झाला नाही? मिस्त्रींनी मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांकडे बोट दाखवलं. गेल्या उन्हाळ्यात मी पाट्यांना कमान मारून घेतली होती. मागची बाजू उचलली गेली, शाफ्टचा कोन वाढला आणि झाकलेली चूक वर आली. दोन्ही क्रॉस नवे टाकले, योक एका रेषेत आणले, ग्रीस मारलं. ऐंशीला गाडी स्वच्छ चालली. घाटातला ‘टक्’ही गेला, कारण इंजिन झटका द्यायचं तेव्हा वाजायचा तो हाच ढिला क्रॉस.

पण अडखळ राहिली होती. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरचं झाकण काढलं, कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत थ्रॉटल हाताने ओढला. पेट्रोलची जोमदार पिचकारी उडायला हवी, तिथे उशिरा थेंबथेंब पडत होतं. ॲक्सिलरेटर पंपाचं रबर कडक झालं होतं. पंपाचं नवं किट टाकल्यावर निम्मा फरक पडला. तरी चढाला गाडी जड वाटायची. मग मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीने ठिणगीची वेळ पुढे सरकवणाऱ्या भागाची) नळी काढली आणि तोंडाने हवा ओढायला सांगितली. पडदा शाबूत असेल तर जीभ नळीला चिकटून राहते. माझ्या तोंडात नुसती हवाच येत राहिली. पडदा फाटलेला होता. त्यामुळे टाइमिंग पुढे सरकत नव्हतं आणि तिथून हवा आत शिरून पेट्रोल-हवेचं मिक्श्चरही पातळ होत होतं. तो भाग पुण्यात नाना पेठेत तिसऱ्या दुकानात मिळाला. बसवून टायमिंग लाइट लावून खुणा जुळवल्या.

गेल्या रविवारी पहाटे यवतेश्वरच्या त्याच वळणावर दुसरा गियर टाकला. पाय दाबला तशी गाडी निघाली. कासवरून पुढे बामणोलीपर्यंत गेलो, आईला शेजारी बसवून. वहीत अजून एक नोंद बाकी आहे: पन्नासला ॲक्सिलरेटर सोडला की मागून हलकी गुणगुण येते. डिफरन्शियलचं तेल काढून पाहिलं, काळं होतं पण त्यात लोखंडाची चकाकी नव्हती. नवं तेल भरलंय. डिफरन्शियलमधल्या पिनियन गियरचं बेअरिंग दिवाळीनंतर बघायचं ठरलंय.