ब्लेम लावला, पण ‘का’ कुठे सापडणार?

कोडमध्ये विचित्र ओळ दिसली की आपला हात गिट ब्लेमकडे जातो (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन). ओळ कोणाची, कधीची ते लगेच कळतं. का लिहिली, हे कमिट मेसेजमध्ये, म्हणजे बदल नोंदवताना लिहिलेल्या टिपणीत, असेल तरच. तिथे बहुतेकदा ‘फिक्स’ एवढंच असतं!

समजा टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा) ३० वरून ४५ सेकंद केला. ‘टाइमआउट वाढवला’ हे डिफमध्ये (बदललेल्या ओळींत) दिसतंच. त्याऐवजी असं लिहा: ‘महिनाअखेरीचा रिपोर्ट ३८ सेकंदांपर्यंत जातो. रिट्राय करून पाहिलं, पण एकच नोंद दोनदा पडते. क्वेरीला इंडेक्स मिळाला की परत ३० करा.’ यात सगळ्यात मोलाचं रिट्रायचं वाक्य. सोडून दिलेला पर्याय डिफमध्ये कधीच दिसत नाही, मग पुढचा माणूस पुन्हा तोच करून बघतो.

ब्लेम चकवतोही. कोणी अख्ख्या रेपोवर (प्रकल्पाच्या कोडवर) फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी एकसारखी करणारं साधन, फिरवला की सगळ्या ओळी त्याच्या नावावर. नुसत्या स्पेस हलल्या असतील तर ब्लेमला हायफन डब्ल्यू जोडला की पुरतं. एरवी त्या कमिटचा पूर्ण हॅश (ओळखक्रमांक) एका फाइलमध्ये लिहा, फाइल रेपोत ठेवा आणि ‘ब्लेम डॉट इग्नोअररेव्ह्जफाइल’ ही सेटिंग तिच्याकडे वळवा (गिट २.२३ पासून). सेटिंग क्लोनबरोबर (रेपोची प्रत घेताना) येत नाही, ज्याची त्याने करायची. ग्लोबल मात्र करू नका. ती फाइल नसलेल्या रेपोत ब्लेम चालतच नाही. ओळ उडवलेलीच असेल तर गिट लॉगला हायफन कॅपिटल एस आणि तो मजकूर द्या.

बिघाड कोणत्या कमिटने आणला ते शोधायला गिट बायसेक्ट आहे. दरवेळी उरलेले अर्धे कमिट बाद करत तो हजार कमिटमधून साधारण १० चाचण्यांत दोषी कमिट काढतो. तो २००० ओळींचा ‘किरकोळ बदल’ निघाला तर मेहनत पाण्यात. बायसेक्ट रन (चाचण्या आपोआप चालवणारी कमांड) वापरताना चाचणीची स्क्रिप्ट रेपोबाहेर ठेवा, नाहीतर प्रत्येक चेकआउटला तीही बदलते. बिल्डच होत नसेल तिथे स्क्रिप्टमधून १२५ हा एक्झिट कोड परत करा, म्हणजे तो कमिट वगळला जातो. पायथनची स्क्रिप्ट भलत्याच कारणाने कोसळली तरी १, म्हणजे ‘बिघडलेला’, येतो आणि बायसेक्ट निष्पाप कमिटवर बोट ठेवतो.

रिसेट केलं की बायसेक्टची नोंद पुसली जाते. आधी गिट बायसेक्ट लॉग फाइलमध्ये घ्या. एखादं उत्तर चुकलं असेल तर तिथे दुरुस्त करून रिप्ले करता येतं. दोषी कमिटचा हॅश दुरुस्तीच्या मेसेजमध्ये टाका. लिनक्स कर्नलमध्ये यासाठी ‘फिक्सेस:’ अशी ओळ असते, हॅशची पहिली १२ अक्षरं आणि कंसात त्या कमिटचं शीर्षक.