नाव घेऊन प्रार्थना करताना

मागच्या महिन्यात प्रार्थनासभेत राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करायची पाळी माझ्यावर आली. तसं दर वेळी कोणी ना कोणी करतंच, त्यात विशेष काही नाही. मी डोळे मिटले, "हे प्रभू, आमच्या देशाच्या..." एवढं बोललो आणि पुढे नावच तोंडातून निघेना. कारण त्या माणसाने आणलेल्या एका कायद्याच्या रागात दुपारीच त्याचा एक फोटो मी आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला होता, जनावराचं तोंड लावलेला, वर स्वतःची एक घाणेरडी ओळ जोडून. शेवटी "जे कोणी अधिकारात आहेत त्या सर्वांसाठी" असं मोघम म्हणून आमेन केलं. पण त्या रात्री झोप लागली नाही.

आपल्या ख्रिस्ती लोकांत राज्यकर्त्यांचा विषय निघाला की लगेच बायबलमधलं रोमकरांस पत्र, अध्याय 13 निघतो. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असा, विषय संपला. पण प्रेषित पौलाने हे पत्र लिहिलं साधारण इ.स. 57 च्या सुमारास, तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता, आणि 64 साली रोमला आग लागल्यावर याच नीरोने ख्रिस्ती लोकांचे हाल हाल केले. म्हणजे राजा चांगला आहे म्हणून अधीन राहा असं पौलाला म्हणायचंच नाहीये. अजून एक, मूळ पत्रात अध्यायांचे आकडे नव्हते, ते फार नंतर आले, त्यामुळे 12 चा शेवट आणि 13 ची सुरुवात सलग वाचून बघा. जे तुमचा छळ करतात त्यांना आशीर्वाद द्या, शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला घाल, वाईटाला बऱ्याने जिंक, आणि लगेच पुढे अधिकाऱ्यांची गोष्ट. मला तरी हे एकच बोलणं वाटतं. आणि त्याच अध्यायात अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हटलंय. सेवक! म्हणजे त्याच्या वर कोणीतरी आहे आणि त्यालाही हिशोब द्यायचाय.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आपल्या आवडीची माणसं सत्तेत असली की हेच वचन दुसऱ्याचं तोंड बंद करायला वापरायचं, आणि ती हरली की आपलं बायबल थेट प्रेषितांच्या कृत्यांच्या 5 व्या अध्यायावर उघडतं, "मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे". दोन्ही वचनं खरीच आहेत पण ती आपण सोयीने काढतो. जर्मनीत हिटलरच्या काळात कितीतरी पाळकांनी रोम 13 दाखवून मान तुकवली. 1934 मध्ये बार्मेनला जमलेल्या मंडळ्यांनी मात्र जाहीर केलं की न्याय आणि शांती राखणं हे राज्याचं देवाने दिलेलं काम आहे, पण माणसाच्या सगळ्या आयुष्यावर राज्याने ताबा सांगायचा नाही. आणि त्या मुद्द्याच्या डोक्यावर त्यांनी वचन कुठलं घातलं होतं, तर प्रेषित पेत्राचं, "देवाचे भय धरा, राजाचा मान राखा". विरोध करतानासुद्धा मान राखायचं वचन त्यांनी गाळलं नाही, हे वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

जुन्या करारातल्या दानीएल संदेष्ट्याचंही तसंच. प्रार्थना करायची नाही असा हुकूम निघाला, तो घरी गेला आणि नेहमीसारखा यरुशलेमेकडच्या उघड्या खिडक्यांपाशी दिवसातून तीनदा गुडघे टेकत राहिला. घोषणा नाही, तमाशा नाही, आणि लपवालपवीही नाही. रात्रभर सिंहांच्या गुहेत काढल्यावर सकाळी राजा हाका मारत आला तर याचे पहिले शब्द काय, "महाराज, चिरायू असा". ज्याच्या सहीने आत गेला त्यालाच!

याचा अर्थ गप्प बसायचं असा मुळीच नाही. फिलिप्पैत पौलाला चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं, दुसऱ्या दिवशी निरोप आला की जा आता गुपचूप. पौल म्हणाला, आम्ही रोमन नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. पुढे त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागितली. म्हणजे कोर्टात जाणं, मत देणं, निवेदनावर सही करणं, मोर्चात चालणं, हे काही बंड नाही. आणि जिथे सरकार पापच करायला सांगतं तिथे सरळ नाही म्हणायचं, शिफ्रा आणि पुवा या सुइणींनी मिसरच्या राजाचा, फारोचा, हुकूम असूनही पोरं मारली नाहीत तसं. फक्त प्रामाणिकपणे सांगायचं तर मी ज्या गोष्टींवरून रोज भांडतो त्यातल्या बहुतेक अशा नसतात, त्या धोरणाच्या असतात, आणि तिथे कायदा पाळूनच विरोध करायचा असतो.

पण माझं अडलं होतं ते कृत्ये 23 मध्ये. यहुद्यांच्या महायाजकाने पौलाच्या तोंडावर मारायला सांगितलं आणि पौल भडकून म्हणाला, चुना लावलेल्या भिंती, देव तुला मारील. अन्याय तर उघड झाला होता. तरी हा महायाजक आहे असं कोणी सांगितल्यावर पौल म्हणतो मला ठाऊक नव्हतं, आणि स्वतःच शास्त्रवचन सांगतो की आपल्या लोकांच्या अधिकाऱ्याविरुद्ध वाईट बोलू नको. त्याच्या तोंडावर मारलं होतं, मला तर कोणी बोटही लावलं नव्हतं.

तो फोटो सगळ्यांच्या फोनमधून डिलीट करायची वेळ निघून गेली होती, म्हणून मी ग्रुपवर लिहिलं, "वरचा फोटो मी टाकायला नको होता, माफ करा. त्या कायद्याबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे." एका भावाने विचारलं, काय, बाजू बदललीस का. नाही म्हटलं. त्या कायद्याविरुद्धच्या निवेदनावर माझी सही आहे आणि ती राहणार.

पुढच्या सभेत मी स्वतःहून प्रार्थना मागून घेतली आणि नाव घेतलं. आवाज जरा अडखळला. त्याला चांगली तब्येत दे, त्याच्या आसपास खरं सांगणारी माणसं ठेव, आणि प्रभू, तो कायदा मागे घ्यायची बुद्धी त्याला दे.