दोन वाजून सतरा मिनिटांची नोंद

१४ डिसेंबर

रात्रीची उल्कांची वही सकाळी उघडली आणि एका नोंदीवर नजर अडकली, ती अजून सुटलेली नाही. अक्षर माझेच आहे. लाल उजेडात आणि गारठलेल्या बोटांनी लिहिल्यामुळे ओळ तिरकी उतरत गेली आहे. ‘२.१७. मिथुन. पुष्याजवळून मघेकडे. व्याधाइतकी तेजस्वी. मागे पुसट रेघ, दोन सेकंद टिकली. ताईलाही दिसली.’ यातले शेवटचे दोन शब्द खरे असू शकत नाहीत. लिहिताना ते लक्षात आले नाही. सकाळी तोंड धुताना आले, आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

साडेबाराला मी गच्चीवर गेले होते. खुर्ची एकच नेली. दुसरी जिन्याच्या आडोशाला घडी घालून ठेवलेली आहे, ती तशीच राहू दिली. कानटोपी, दोन पांघरुणे, पायांत लोकरीचे मोजे, इतके करूनही एक वाजेपर्यंत थंडी पाठीच्या मणक्यातून वर चढू लागली, कारण उल्का पाहणाऱ्याला हालचाल करता येत नाही. मान मागे टाकून निश्चल पडून राहायचे, एवढेच काम असते. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो आणि एक क्षणभर पांढरा उजेड पडला की सारी तयारी वाया जाते. म्हणून विजेरीच्या काचेवर लाल कागद चिकटवलेला होता आणि फोन पालथा घालून उशाशी ठेवला होता, आवाज मोकळा सोडून. ताई तिच्या घरी बाल्कनीत बसली होती आणि मी माझ्या घरी गच्चीवर. आमच्यामध्ये १,६०० किलोमीटरचे अंतर आहे, पण रात्रभर ती हाताच्या अंतरावर असल्यासारखा तिचा श्वास, तिचे खोकणे आणि खुर्चीची करकर ऐकू येत होती. आम्ही फारसे बोललो नाही. या वर्षी बोलण्यासारखे जे आहे ते आम्ही दोघीही टाळतो, आणि ते टाळण्यासाठी आकाशासारखी जागा दुसरी नाही.

दीड ते अडीच या तासात माझ्या वहीत चाळीस खुणा झाल्या. मिथुनेच्या उल्कावर्षावाचा कमाल दर ताशी १२० ते १५० सांगतात, पण तो आकडा संपूर्ण काळ्या आकाशाचा आणि वर्षावाचा उगमबिंदू, म्हणजे जिथून उल्का फाकताना दिसतात ती जागा, थेट डोक्यावर असतानाचा असतो. उजेडाने फिकटलेल्या आकाशात चाळीस म्हणजे भरभरून मिळाले असेच मी मानते. दोनच्या सुमारास पुनर्वसूचे दोन तारे अगदी माथ्यावर आले. व्याध दक्षिणेकडून पश्चिमेला झुकू लागला होता आणि मृग त्याच्याही पुढे निघून गेला होता. उल्का दिसली की तिची वाट मनाने मागे ओढत न्यायची. ती पुनर्वसूच्या पहिल्या ताऱ्याजवळ पोहोचली तर नोंद ‘मिथुन’, नाहीतर ‘फुटकळ’. ही शिस्त बाबांची. ‘दिसली’, ‘दिसली नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ असे तीन रकाने ते आखत, आणि तिसऱ्या रकान्याची कुणाला लाज वाटू नये, असे ते म्हणत.

दोन सतराला जी आली ती मी शेवटपर्यंत विसरणार नाही. पुष्याच्या अंधुक पुंजक्यापाशी ती उमटली आणि मघेच्या दिशेने इतकी शांतपणे गेली की घाई तिला ठाऊकच नसावी. जेमिनिड, म्हणजे याच मिथुनेच्या उल्का, सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने येतात आणि सिंहेच्या उल्कांच्या निम्म्याच वेगाच्या असल्यामुळे त्या नजरेला पुरतात. शेवटी ती फुलली, पांढरी, कडेने किंचित पिवळसर, आणि विझल्यावर तिच्या वाटेवर एक पुसट रेघ राहिली. मी ओरडले, “ताई, बघ!” आणि फोनमधून, एक श्वास जाईल एवढ्याच अंतराने, आवाज आला, “हो गं, दिसली! केवढी होती!”

त्या क्षणी मला किती आनंद झाला ते लिहायला मी कचरते आहे, कारण त्याच आनंदाचा आता गळ्याशी आवंढा झाला आहे. कितीतरी महिन्यांनी असे वाटले होते की आम्ही दोघी एकाच ठिकाणी आहोत आणि एकच गोष्ट पाहत आहोत.

पण उल्का चंद्रासारखी नसते. चंद्र सरासरी पावणेचार लाख किलोमीटरांहून दूर आहे, म्हणून तो ताईलाही दिसतो आणि मलाही. उल्का वातावरणात जळते, जमिनीपासून शंभरेक किलोमीटरांच्या आत. तेवढ्या उंचीवरची वस्तू क्षितिजाला टेकलेली का होईना दिसायची असेल, तर तिच्या खालच्या जागेपासून फार तर ११०० किलोमीटरांच्या आसपास असावे लागते, आणि तेही कड्यावर किंवा समुद्रावर; घरांच्या आणि धुरळ्याच्या आड तर त्याच्या पावपट अंतरावरूनही दिसणे कठीण. माझी उल्का माझ्या डोक्यापासून थोडी पूर्वेला जळली. ताईच्या गावाहून पाहिले तर ती पृथ्वीच्या फुगवट्याआड, क्षितिजाखाली होती. १७९८ साली ग्योटिंगेनच्या ब्रांडेस आणि बेंत्सेनबेर्ग या दोन विद्यार्थ्यांनी काही किलोमीटर अंतरावर वेगवेगळे बसून, एकच उल्का दोघांना कोणत्या ताऱ्यांसमोर दिसली ते टिपून तिची उंची काढली. उल्का ढगांच्या किती वर असतात हे त्यामुळेच कळले. ही गोष्ट बाबांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली होती की ताईलाही ती पाठ आहे. म्हणजे हे गणित तिलाही येते.

मग ती ‘हो’ का म्हणाली?

पहिला विचार आला तो असा की तिला त्याच वेळी दुसरीच एखादी दिसली असावी. मी तो मोजून पाहिला. माझ्याकडे तासाला चाळीस, म्हणजे दीड मिनिटाला एक. माझे ओरडणे आणि तिचे ‘हो’ यांच्या मागेपुढे मिळून तीन सेकंद धरले, तर तिलाही नेमकी त्याच वेळी एक दिसण्याची शक्यता तीसात एक. हे वाचून जरा धीर आला, कारण तीसात एक म्हणजे काही अशक्य नव्हे. पण ताईच्या बाल्कनीसमोर रस्त्याचे दिवे आहेत आणि तिची मोजणी तासाला दहाच्या वर गेली नव्हती, हे आठवले. मग शक्यता एकशेवीसात एक होते. शिवाय तिच्या बाल्कनीतून अर्धेच आकाश दिसते, पण ते तिच्या दहांत आधीच धरलेले आहे. बेरीज-भागाकार तीन वेळा केला. आकडा हलला नाही.

तेव्हा राहते एकच गोष्ट: तिने मला बरे वाटावे म्हणून ‘हो’ म्हटले. सकाळभर मला याचे फार वाईट वाटत राहिले. या वर्षात सगळेच माझ्याशी जपून बोलतात. फोन उचलल्यावर आधी आवाजाचा अंदाज घेतात, मग विषय निवडतात. मला वाटत होते की निदान ताई तरी माझ्याशी नेहमीसारखी वागते, निदान तिच्याशी तरी मी हळवी होऊन बसलेली व्यक्ती नाही. आणि आता कळते की तीही मला सांभाळून घेत होती, आणि तेही या एका बाबतीत, जिथे न दिसलेले ‘दिसले’ म्हणणे आमच्या घरात कधी चालले नाही. मी थंडीत एकटी बसले होते, इतकेच खरे होते. बाकी सारे मला सोसवावे म्हणून रचलेले होते.

दुपारी जुन्या वह्या काढल्या. काही सिद्ध करायचे नव्हते. एकटे बसवेना, म्हणून काढल्या. सर्वांत जुन्या वहीत मी सात वर्षांची आहे. त्या वर्षीच्या जेमिनिडच्या रात्रीचे पान आहे, आणि प्रत्येक उल्केपुढे ती कुणाकुणाला दिसली त्यांची आद्याक्षरे आहेत. बाबा, ताई, मी. त्या रात्रीचे मला इतके पक्के आठवते की मला काहीच दिसत नव्हते. त्या दोघांच्या मध्ये पांघरुणात मी पडले होते, “ती बघ” म्हटले की मान वळवायची, आणि वळेपर्यंत तिथे काही नसायचे. उल्केचे आयुष्य जेमतेम सेकंदाचे, आणि दुसऱ्याच्या बोटाने ती कुणाला दिसत नाही, हे मला कोण सांगणार? ताई विचारायची, “तुला दिसली ना?” आणि मी “हो” म्हणायची. आठ-नऊ वेळा तरी म्हटले असेन. बक्षिसासाठी किंवा भीतीने नव्हे. ते दोघे जिथे होते तिथे मलाही असायचे होते, म्हणून.

त्या पानावर माझ्या आद्याक्षरापुढे बऱ्याच ठिकाणी पेन्सिलचा एक बारीक ठिपका आहे. बाबांच्या किंवा ताईच्या अक्षरापुढे तो कुठेही नाही. मी तो इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. तिसऱ्या रकान्यात त्यांनी मला ढकलले नाही आणि पहिल्या रकान्यातून खोडलेही नाही. ठिपक्याचा अर्थ विचारावा असे फार वाटले. पण ते राहिले ते राहिले.

वही मांडीवर ठेवून बराच वेळ बसले तेव्हा सकाळचा कढ हळूहळू निवत गेला. ताईचे ‘हो’ मी पुन्हा पुन्हा मनात ऐकले, आणि त्यात मला जपल्याचा सूर सापडेना. तिचा आवाज घाईचा होता, थोडा चिरकलेला. बाल्कनीत दिव्यांसमोर अर्धे आकाश घेऊन बसलेल्या, दोन तासांत जेमतेम वीस उल्का मिळालेल्या माणसाचा तो आवाज होता. मी माझ्याकडे ‘ताई, बघ!’ म्हणून ओरडले तेव्हा तिलाही मान वळवावीशी वाटली असेल, आणि कुठे वळवायची हे मात्र १,६०० किलोमीटरांवरून कळायला मार्ग नव्हता. इतक्या वर्षांत तिला सोबत हवी असेल, हे माझ्या ध्यानात कधी आले नाही. ती मोठी आहे म्हणून मी धरून चालले होते की सोबत देणे तिचे आणि घेणे माझे.

आणि तिला खरोखरच एखादी दिसली असेल, तर तीही या प्रवाहातलीच असणार. १९८३ साली अवरक्त किरणे टिपणाऱ्या उपग्रहाच्या चित्रांत फेथॉन नावाचा लघुग्रह सापडला. तो पाच-सहा किलोमीटर रुंदीचा आहे आणि बुधाच्या कक्षेच्याही आत शिरून सुमारे १.४ वर्षांत सूर्याला फेरी मारतो. हे सारे कण त्याच्यापासून सुटलेले आहेत. पृथ्वी डिसेंबरात त्या वाटेला छेदते तेव्हा कण एकमेकांशी समांतर येत असतात, आणि दूर जाणाऱ्या रुळांप्रमाणे ते एका बिंदूतून फाकल्यासारखे भासतात, म्हणून दोन गावांतून पाहणाऱ्यांनाही तो बिंदू पुनर्वसूपाशीच दिसतो. मला दिसलेला कण आणि तिला दिसलेला कण वेगळे, पण दोघांच्या मागे रेघ ओढली तर ती एकाच ठिकाणी जाते. हे मी स्वतःची समजूत घालण्यासाठी लिहीत आहे हे मला कळते. तरीही ते खरे आहे, म्हणून लिहिते.

काल रात्री तिच्या गावावर ढग होते की नव्हते, हे उपग्रहाच्या चित्रावरून दोन मिनिटांत कळेल. मी ते उघडलेले नाही. संध्याकाळपर्यंत उघडावेसे वाटले तर पाहू, असे दुपारी ठरवले होते. आता संध्याकाळ झाली आहे आणि तशी इच्छा होत नाही.

‘ताईलाही दिसली’ हे शब्द खोडले नाहीत. पेन्सिलला टोक करून त्यांच्यापुढे एक ठिपका दिला.

मघाशी तिचा संदेश आला: “आज पुन्हा बसायचं का गं? काल पाठ गारठली, पण बसू या.” कमाल काल होऊन गेली, जेमिनिडचा जोर कमाल रात्रीनंतर फार लवकर ओसरतो, त्यामुळे आज हाती थोड्याच लागतील. मी “बसू या” म्हणून कळवले. आज मी ‘ताई, बघ’ असे म्हणणार नाही. तिला जे दिसेल ते कुठून उमटले आणि कुठे विझले एवढे तिने मला सांगायचे आणि मला दिसेल ते मी तिला, आणि मध्ये कुणालाच काही दिसले नाही तर तेही सांगायचे. जिन्याच्या आडोशाची खुर्ची वर नेऊन ठेवली आहे. वहीचे नवे पान घेऊन त्यावर दोन रकाने आखले आहेत, डावीकडे तिचे आकाश, उजवीकडे माझे.