तपासासाठी वेगळं अकाउंट काढताय?

कोथरूडमधले आमचे काही मित्र फेक जॉबवाल्यांचा माग काढतात, त्यांना मी कायम सांगतो की स्वतःच्या अकाउंटवरून बघू नका, सेटिंग बदललं नसेल तर लिंक्डइन समोरच्याला दाखवतं ना प्रोफाइल कोणी पाहिलं ते. वेगळं अकाउंट काढा, पण कॉन्टॅक्ट्स अजिबात सिंक करू नका, नाहीतर फेसबुक त्या अकाउंटला तुमचेच मामा-मावशी सुचवायला लागतं. एआयचा चेहरा लावतात बरेच जण, पण स्टाइलगॅन म्हणजे खोटे चेहरे बनवणारं एआय, त्याच्या चेहऱ्यांत डोळे बहुतेक फोटोत एकाच जागी येतात, जाणकार लगेच ओळखतो, त्यापेक्षा फुलाबिलाचा फोटो बरा. खऱ्या माणसाचा फोटो उचलणं तर मला मुळीच पटत नाही, त्या बिचाऱ्याचा काय संबंध! आणि खोटं नाव फेसबुकच्या नियमात बसत नाही, अकाउंट कधीही उडू शकतं, म्हणून स्क्रीनशॉट लिंक आणि तारखेसकट तिथल्या तिथे सेव्ह करा.